डावीकडची जागा

“उंबरा ओलांडला की अर्धी वाट सरली, उरलेली नुसती चालायची.”

हे माझ्या मामाचं बोलणं. दवाखान्याला घाबरणाऱ्या शेजाऱ्याला, सकाळी अंथरूण न सोडणाऱ्या लेकीला, सगळ्यांना तो हेच ऐकवायचा. त्याला तो अधिकारही होता. एक तर तो पाथरवट. गल्लीतले निम्मे उंबरे त्याच्याच छिन्नीखालून गेलेले. आणि डोंगरावरच्या देवस्थानाला तो सव्वीस वेळा पायी जाऊन आला होता. जायला बारा मुक्काम, यायला बारा. तेही एका डोळ्यानं.

डावा डोळा गेला तेव्हा त्याला चाळिशीही लागली नव्हती. एका शाळेच्या दाराचा उंबरा घडवत होता. दगडात काळी शीर निघाली. शिरेवर घाव घालताना मान फिरवायची, हे त्यानंच कितीजणांना शिकवलेलं. त्या दिवशी काम उरकायच्या नादात स्वतःच विसरला. तांदळाएवढी कपची उडाली. डॉक्टर म्हणाले, “डोळा दिसायला राहील, बघायला नाही.”

एका डोळ्याला खोली कळत नाही. मामा पाणी ओतायचा ते पेल्याच्या बाहेर. मग तांब्याची कड पेल्याला टेकवून ओतायला शिकला. दगडातली खोली नखानं मोजायला शिकला. पण रस्त्याला नख कसं लावणार? पहिल्याच आठवड्यात तो गटारात पडला आणि चार महिने घराबाहेर गेला नाही.

एका सकाळी मामीनं त्याच्या वहाणा दारात आणून ठेवल्या. म्हणाली, “लोकांना सांगता ना, उंबरा ओलांडा म्हणून? मग तुमचा उंबरा काय सोन्याचा आहे?”

त्या वर्षी दोघं पहिल्यांदा देवस्थानाला निघाली. मामी त्याच्या डावीकडून चालायची. ती जागा मग कायमची तिची झाली. मीही एकदा त्यांच्यामागून गेलो होतो. अजून कानात आहे मामीचं ते बोलणं.

“खड्डा. धाकटी जाऊ काय म्हणाली ठाऊक आहे का? दगड. म्हणे, मला कुणी विचारतच नाही. मेंढरं येताहेत, थांबा. आता हिला विचारायचं तरी काय? चला.”

मामा उजवीकडची शेतं बघत, हुं हुं करत चालायचा. कुणी विचारलं की अभिमानानं सांगायचा, “डावीकडचं जग मी हिच्या तोंडून बघतो. माझ्या डोळ्यापेक्षा जरा तिखट दिसतं, एवढंच.”

सव्वीस वर्षांनी मामीचे गुडघे गेले. मामा दोन वर्षं निघालाच नाही. “ती जागा मोकळी ठेवून कसा जाऊ?” म्हणायचा. तिसऱ्या वर्षी त्याच्या उजव्या डोळ्यावर मोतीबिंदूचा सारा धरला. ऑपरेशनची तारीख ठरली. “डोळा एकच आहे,” डॉक्टर म्हणाले, “बहुतेक चांगलंच होईल. पण खात्री देणार नाही.”

घरी येऊन मामानं पिशवी काढली.

“आधी देवस्थानाची वाट एकदा बघून येतो,” तो म्हणाला. “मग काय कापायचं ते कापा.”

त्याची लेक, आमची ताई, पोस्टात नोकरीला. पाकिटावर शिक्का मारावा तशी बोलायची. “आबा, आधी ऑपरेशन. विषय संपला.”

“आणि नंतर नाही दिसलं तर?”

“आणि आत्ता कुठं पडलास तर?”

दोन दिवस घरात नुसती भांडी बोलत होती. शेवटी ताईनंच अट घातली. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. एकदा जरी ठेच लागली, तर पिशवी माळ्यावर.

ताईनं त्याचा उजवा हात गच्च धरला. मी ओट्यावर होतो, मामी दाराशी पाटावर. आणि मामा पहिल्याच पावलाला अडखळला. स्वतःच्या हातानं घडवलेल्या उंबऱ्यावर! अंगठ्यातून रक्त आलं. ज्या दगडाचा कण न् कण त्याला पाठ, त्यावर. त्याचा चेहरा मला बघवेना.

“झालं?” ताई म्हणाली. आवाज मात्र तिचाच कापत होता.

मामा पिशवीकडे वळला, ती माळ्यावर टाकायला.

“थांबा हो,” मामी म्हणाली. मग लेकीकडे वळली, “आणि तू गं? उजवीकडे कशाला चिकटलीस?”

“मी दिसावी म्हणून. तिकडूनच दिसतं ना त्याला?”

“त्यांना तू दिसून काय करायचंय? रस्ता दिसायला नको? घरात एकच खिडकी उघडी, आणि तू तिच्यापुढं कपाट लावलंस!”

मोठी झाल्यापासून ताई वडिलांचा हात धरून कधी चाललीच नव्हती. ती जागा नेहमी आईची होती. मग हळूच म्हणाली, “आबा, तू का नाही बोललास?”

मामा अंगठ्याला चिंधी बांधत होता. “पोरीनं इतक्या वर्षांनी हात धरला. सोड म्हणून कसं सांगू?”

ताईनं डोळे पुसले आणि त्याच्या डावीकडे जाऊन उभी राहिली. “चल. पुन्हा एकदा.”

“उंबरा,” ती म्हणाली. मामानं तो सहज ओलांडला. “खड्डा. सायकल. नळाचं पाणी.” दोघं टोकापर्यंत जाऊन आली. ठेच लागली नाही.

मामी मात्र खूश नव्हती. “मधूनमधून काही बोल तरी! नुसतं खड्डा खड्डा काय? नवरा माझा माणूस आहे, बैलगाडी नव्हे.”

“काय बोलू?”

“पोस्टात कुणाचं पटत नाही ते सांग. बारा दिवस पुरेल.”

ताईनं रजा टाकली. जाताना पायी, येताना बसनं, एवढी घासाघीस करूनच.

चौथ्या दिवशी उजाडताना दोघं निघाली. मामा पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यापाशी थांबला, वाकून त्यावरून एकदा नख फिरवलं, आणि पलीकडे गेला. गल्लीत ताईचा आवाज येत होता, “दगड. आणि आबा, तो आमचा साहेब आहे ना, वळण, तो तर...”

मी आणि मामी दारातून बघत होतो. मामीची नजर वळणावर खिळलेली, ओठ हलत होते. मी कान दिला. आवाज न काढता ती म्हणत होती, “खड्डा. दगड. सावकाश.”

दोघं वळणावरून दिसेनाशी झाली, तरी तिचे ओठ थांबले नाहीत.