न वाचलेला कागद

मुरूडजवळच्या एका शाळेत मी सातवीला नागरिकशास्त्र शिकवत होते. समतेचा धडा झाला आणि वाटलं, नुसता वाचून काय उपयोग? मुलांना सांगितलं, आपल्या शाळेत कुणावर कुठे अन्याय होतो ते कागदावर लिहा. नाव घालू नका. मी सगळे वाचून दाखवणार आहे.

मुलांनी लिहिलं. झाडू फक्त मुलींनाच मारायला लावतात. बौद्धवाडीतल्या आयांना खिचडी शिजवायचं काम देत नाहीत. मी एकेक कागद मोठ्याने वाचत होते. मुलं कान देऊन ऐकत होती आणि मला, खरं सांगायचं तर, स्वतःचं कौतुक वाटत होतं. मग एक कागद उघडला. "बाई मला खिडकीशी एकटीला बसवतात. म्हणतात तिथे वारा येतो. पण माझ्या कपड्यांना सुक्या मासळीचा वास येतो म्हणून बसवतात."

अक्षर मी ओळखलं. कोळीवाड्यातली ती मुलगी सकाळी आईबरोबर बोंबील वाळत घालून शाळेत यायची. बाकीच्या मुली कुरकुरल्या तेव्हा मीच तिला तिकडे हलवलं होतं. वाऱ्याचं कारणही माझंच. मी तो कागद पुस्तकात सरकवला आणि पुढचा वाचायला घेतला. मान वर केली तर ती माझ्याकडेच बघत होती. सगळे कागद संपेपर्यंत तिने नजर हटवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला मधल्या बाकावर बोलावलं. "न्हाय बाई, हितं बरी हाय मी," ती म्हणाली. आठवीला ती आलीच नाही. मी तिच्या घरी गेले तर आई म्हणाली, दिघीला मामीकडे धाडली, तिचं मन लागत नव्हतं शाळेत. का लागत नव्हतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

काही वर्षांनी आगरदांड्याच्या जेटीवर ती दिसली. मासळीची पाटी घेऊन दिघीच्या बोटीची वाट बघत होती. माफी मागायचीच असं ठरवून मी जवळ गेले, पण आधी तीच बोलली.

"तवा समद्यांचं वाचलंत बाई. माझंच ऱ्हायलं."

मी म्हटलं, "ते माझ्याबद्दल होतं म्हणून."

"ठाव हाय," ती शांतपणे म्हणाली आणि पाटी उचलून बोटीत चढली. बोट पलीकडे पोचेपर्यंत मी तिथेच उभी होते. तिने मागे वळून पाहिलं नाही.

समतेचा धडा अजून दर वर्षी येतो. कागद अजूनही लिहून घेते, पण वाचायला आता मुलांनाच देते. वाचता वाचता एखादं मूल मध्येच थांबून माझ्याकडे बघतं. मी म्हणते, वाच.