आधी विचारायचं असतं

मोबाइलमध्ये बोलून उत्तरं देणारा व्हॉइस असिस्टंट बनवणाऱ्या कंपनीत मी काम करते. लोकांना त्याच्याकडून काय हवंय आणि काय मिळत नाही, ते जाणून घ्यायला मला नांदेडला पाठवलं होतं. तेव्हा अर्धापूरला मावशीकडे गेले. काका गेल्यापासून केळीची बाग ती एकटीच बघते.

बागेत उभं राहून तिनं फोनला विचारलं, "केळीची पानं पिवळी पडून राहिलीत, काय करू?"

फोननं लगेच दोन औषधांची नावं सांगितली. आपली बोली त्याला समजली म्हणून मी खूश झाले. मावशी मात्र हसली.

"ह्यानं मला काहीच इचारलं न्हाई. वरची पानं का खालची? डाग हायेत का? पाणी कधी दिलं? जाणता माणूस आधी इचारतो, मग सांगतो."

त्याआधी मी कितीतरी लोकांशी बोलले होते, पण फोननं उलट प्रश्न विचारावेत, हे कुणीच म्हटलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं.

पुण्यातल्या मीटिंगमध्ये मी तिचं बोलणं तसंच ऐकवलं. आमच्या साहेबांनी विचारलं, "या बाई कृषी विद्यापीठात शिकवतात का?"

"नाही सर, माझी मावशी आहे. केळी लावते," मी म्हणाले, आणि एवढं सांगतानाही माझा ऊर भरून आला.

असिस्टंटला प्रश्न विचारायला शिकवायचं ठरलं. केळीचे पहिले प्रश्न मावशीनंच फोनवर सांगितले, मी भराभर लिहून घेत होते.

"हळू लिही," ती दरडावून म्हणाली, "एक बी सुटला न्हाई पायजे."