खाली बसवलेली गाडी

माझ्या थोरल्या भावाने हौसेने आखूड स्प्रिंगा घालून गाडी पार खाली बसवली. थोड्याच दिवसांत टायर आतल्या बाजूने झिजले, म्हणून आम्ही धायरीला अलाइनमेंट करायला गेलो. बाबाही बरोबर होते.

मेकॅनिक म्हणाला, "चाकं वरून आत झुकलीत. कॅम्बर नीट करावा लागेल."

"मालकावर गेलीय," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तोही लहानपणापासून फेंगडाच."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली.

चाकं सरळ करून आम्ही घरी आलो. गुडघ्यांमुळे बाबांना इतक्या खालच्या सीटवरून उठता येत नसे. एरवी भाऊच त्यांना हात देऊन उतरवायचा. त्या दिवशी तो दार उघडून नुसता उभा राहिला. मी पुढे झालो, तर त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"सावकाश उतरा बाबा," तो गोड आवाजात म्हणाला. "कसलीही घाई नाही."

सोसायटीतले लोक बघत होते. शेवटी बाबा जमिनीवर हात टेकून, रांगतच बाहेर आले.

त्यानंतर ते त्या गाडीत कधी बसले नाहीत. भावानेही त्यांना कधी बसा म्हटलं नाही.