कुसुमचे दात

‘आई गेल्या,’ असा सांगलीहून कुसुमच्या सुनेचा निरोप आला, तेव्हा मी वाटीतली कवळी धूत होते. रडू आलंच, पण त्याआधी डोळ्यांपुढं उभे राहिले ते कुसुमचे दात. खोटं कशाला सांगू? शाळेपासून मी त्या दातांवर जळत आले.

लढाईची वर्षं होती. कुसुम सांगलीतल्या वकिलांची लेक, मी माधवनगरच्या गिरणीतल्या कामगाराची. शाळेत एकाच बाकावर बसायचो. कुसुम हसली की बाई शिक्षा करायला विसरायच्या. मी हसले की विचारायच्या, “तोंड धुतलंस का गं?” धुतलं होतं हो! पण आमच्या चाळीत दाताला चुलीतली राख, नाहीतर मशेरी. आईनं तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की सगळी चाळ खोकायची. दात दुखला की तीच मशेरी आणखी थोडी दाबायची.

एका वर्षी दोघींचीही दाढ किडली. ऊसही आम्ही एकाच कांड्यातला खायचो. कुसुमला दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. ती दाढेत चांदी भरून आली आणि वर्गभर तोंड उघडून दाखवत फिरली. मी घरी हट्ट धरला. आई म्हणाली, “आमच्यात दाढ दुखली की काढत्यात. ठिवून काय करायचं हाय?” बाजारात एक जण फडक्यावर उपटलेले दात मांडून बसायचा. मला त्याच्यापुढं बसवलं. “आ कर पोरी, कवा निघाली कळायचं बी न्हाई,” तो म्हणाला. चांगलं कळलं! पुढं एकेक करून बाकीच्याही त्याच वाटेनं गेल्या. वकिलाघरी दाढ राखतात आणि गिरणीवाल्याच्या घरी उपटतात, एवढाच काय तो फरक...

कुसुमनं मला दंतमंजनाचा डबा आणून दिला होता. आईनं तो उघडून हुंगला. “येवढी झ्याक भुकटी तोंडात घालून थुकायची व्हय गं?” म्हणत तिनं देव्हाऱ्यातले पितळेचे देव घासून काढले. देव लखलखले. आमच्या घरातले देवसुद्धा कुसुमच्या बाजूचे झाले, म्हणून मी दोन दिवस हात जोडले नाहीत.

पुढं मी कराडकडं शिक्षिका झाले, ती सांगलीतच नांदली. संक्रांतीला तिच्याकडं जायचा माझा नेम. माझ्या दाढा संपल्यावर ती उसाचे बारीक करवे करून ताटलीत ठेवू लागली. एका संक्रांतीला तीही चावेना, नुसतीच चोखत बसली. म्हणाली, “माझ्याही दाढा हलतात गं सुंदरा. आता चावत नाही.” मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! परतताना एसटीत मी एकटीच हसत होते. वकिलाच्या लेकीच्या दाढा हलतात! त्यानंतरच्या सगळ्या संक्रांती आम्ही समोरासमोर बसून करवे चोखत घालवल्या, आणि तिच्याइतकं मोकळं मी कुणाशीच बोलले नाही.

परवा भेटायला गेले. सून डोळे पुसत म्हणाली, “यंदाच्या संक्रांतीलासुद्धा आईंनी दातानं ऊस सोलला हो. पोरं टाळ्या वाजवत होती.”

“अगं, दाढा हलत होत्या ना तिच्या?”

“आईंच्या?” ती बघतच राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, “तुम्ही यायच्या दिवशी ऊस माजघरात जायचा, मावशी. तुमच्यासमोर कुणी दातानं फोडायचा नाही, अशी ताकीद होती आम्हाला...”

माझं रडू तिथंच आटलं. संतापच आला. जन्मभरात एकाच बाबतीत मी तिच्या बरोबरीला आले होते, आणि तेही तिनंच मला दिलेलं निघालं. कुसुमे, तेवढं तरी खरं असू द्यायचं होतंस गं...

काल बाजारातून ऊस आणला. करवे केले, ताटलीत ठेवले आणि एकटीच बसले. एक उचलून चोखला. गोड लागला, आणि त्याचाही मला राग आला.