सरुबाईंची नजर

वारज्यात शेतांवर बंगले चढत होते त्या काळात, म्हणजे नव्वदनंतर, सरुबाई आपल्या चिकूच्या बागेत सहा मधपेट्या सांभाळत. पेटी उघडली की आत काय बिनसलंय ते त्या एका नजरेत सांगत. पार हडपसरहून लोक विचारायला येत. चहाआधी सरुबाई त्यांना दोन खोचक शब्द ऐकवत, पण उपाय बिनचूक सांगत.

मग धाकटी जाऊ शालू कुठंसं चार दिवसांचं शिक्षण घेऊन आली आणि तिनंही बागेच्या दुसऱ्या टोकाला पेट्या मांडल्या. पहिल्याच हंगामात तिचा मध जास्त निघाला. लोक बागेच्या त्या टोकाला वळू लागले. सरुबाईंच्या पोटात दुखायला लागलं, ते काही थांबेना.

माघात सरुबाईंच्याच एका पेटीत अळ्या मेलेल्या दिसल्या. डोकी वर उचललेली, आणि काडीनं काढली की पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी अख्खी अळी बाहेर. रोग त्यांच्या ओळखीचा होता. राणीला दोन आठवडे पिंजऱ्यात ठेवायचं. नवी अंडी थांबतात, तोवर माश्या घरं साफ करतात. त्या पेटीतली पोळ्याची चौकट मात्र दुसऱ्या पेटीला द्यायची नाही. पण पिंजरा लावला तर शालूला कळणार! त्यांनी काम उद्यावर ढकललं.

तेवढ्यात शालूच आली. "आक्का, माझी एक पेटी लई कमजोर झालीय. अळ्यांची चौकट देता का?"

कमजोर पेटीत माश्या वाढाव्यात म्हणून अळ्यांची चौकट देणं ही मधपाळांची रीतच. सरुबाईंनी रीत पाळली. रोगट पेटीतली चौकट काढून दिली, वर म्हणाल्या, "ने की! तुला न्हाई कशी म्हनू?" त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी शालू चौकट घेऊन परत आली. तिनं ती पेटीत घातलीच नव्हती. शेजारच्या मुक्ताबाई नेमक्या ओट्यावर बसलेल्या.

"आक्का, ह्यात रोग हाय," शालू हळूच म्हणाली. "तुमच्या नजरंतनं कसा सुटला? मोतीबिंदू तर न्हाई ना झाला?"

तिच्या चेहऱ्यावर नुसती काळजी होती. सरुबाईंना तीच जास्त झोंबली. दिसत होतं म्हणावं, तर जाणूनबुजून दिलं असं कबूल करावं लागणार. मुक्ताबाईंचे कान टवकारलेले.

"हल्ली न्हाई गं दिसत," सरुबाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत ते आळीभर झालं. शालूनं ती चौकट जाळली, रोगट पेटीतली राणी पिंजऱ्यात घातली, पेटी वाचवली. पुढं सरुबाईंच्या पेट्या तीच उघडू लागली. सरुबाई शेजारी बसून, सगळं लख्ख दिसत असताना, विचारत, "काय गं, काय दिसतंय?"