शालनकाकीची चाल

शालनकाकी कसालला माझ्या कॉम्प्युटर क्लासात पहिल्यांदा आल्या त्या भांडायला आल्यासारख्याच. उजवा हात पदरात गुंडाळलेला. अर्धांगवायूच्या झटक्याने तो गेला होता. डाव्या हाताने खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "माका टायपिंग नको रे मास्तरा. माका पेटी वाजवूची आसा. एका हातान."

गावातल्या बायकांच्या भजन मंडळात पेटी त्यांची आणि चालीही त्यांच्याच. पण पेटीला एक हात भात्यावर लागतो, एक सुरांवर. झटका आल्यावर देवळातलं भजन चालवणाऱ्या बुवांनी आपल्या पुतण्याला पेटीवर बसवलं आणि काकींना आराम करायला सांगितलं. "आराम मेल्यावर करतलंय," काकी म्हणाल्या.

मला एक जुनं ट्रॅकर सॉफ्टवेअर ठाऊक होतं. त्यात पडद्यावर उभे रकाने असतात: एकात पखवाज, दुसऱ्यात झांज, तिसऱ्यात पेटी. एकेका ओळीत एकेक सूर टाइप करायचा. गाणं वरून खाली वाजत जातं. काकी बघत राहिल्या. "अरे, ही तर लावणी! एकेक रोप, ओळीन."

त्यांची सून भाता मारायची, काकी डाव्या बोटाने एकेक सूर दाबायच्या, मी तो रेकॉर्ड करायचो. त्याच सुरांतून काकी चाली बांधू लागल्या. बांधायच्या, मोडायच्या, दोन ओळी वर सरकवायच्या, पुन्हा ऐकायच्या. एकदा एक ठोका मला मागे पडलेला वाटला, म्हणून मी तो सरळ केला. काकींनी लगेच ओळखलं. "तो चुकलेलो नाय. थंय बायका श्वास घेतत. परत मागे घे."

जत्रेसाठी त्यांनी नवी चाल केली. बुवांनी ती ऐकली आणि मान हलवली. "चाल बरी आसा. पण यंत्राचा भजन देवाक चलाचा नाय. पुतण्या वाजवीत पेटीवर. आणि नाव मंडळाचाच येतला."

"मगे देवळातलो लाऊडस्पीकर झाडाक लागलो काय?" काकी म्हणाल्या. "चाल माझी, तर नावय माझाच. नायतर चाल घरात ऱ्हवांदे."

जत्रेच्या संध्याकाळी काकींनी आपल्या घरापुढच्या खळ्यात लॅपटॉप मांडला. मला वाटलं, कोण येणार? एकेक करत मंडळातल्या सगळ्या बायका आल्या. देवळात पेटी घेऊन पुतण्या एकटाच बसून राहिला.

पुढच्या वर्षी बुवा स्वतः घरी आले. "शालन, देवळात वाजय तुझा ता यंत्र."

"आदी माईकवर सांगा, चाल कोणाची ती."

जत्रेच्या संध्याकाळी देवळात बुवांनी माईकवर काकींचं नाव घेतलं. जरा घाईत घेतलं, पण घेतलं. "परत सांगा," काकी म्हणाल्या. "मागच्यांका ऐकाक येवक नाय." बुवांनी पुन्हा सांगितलं. तेव्हाच काकींनी बटण दाबलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात दुसरा झटका आला आणि काकी गेल्या. एक चाल अर्धीच राहिली. तिसऱ्या कडव्यानंतर रकाने रिकामे आहेत. ते भरायला मी एकदा बसलो होतो. काकींची सून म्हणाली, "हात लावा नको, मास्तरांनू. करूची आसात तर तुमची नवीन करा."

बायका आजही ती चाल तेवढीच गातात आणि तिथेच थांबतात. बुवांचा पुतण्या आता माझ्या क्लासात येतो. पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोर एका नव्या फाइलचे रिकामे रकाने उघडून ठेवले.