चढावर बंद पडणारी जीप

ओढ्यावरचा पूल संपला की केजच्या रस्त्याला एक चढ लागतो. आमची जीप तिथेच बंद पडायची. आधी इंजिनाचा आवाज पातळ व्हायचा, मग गाडी गचके द्यायची. पेडल तळापर्यंत दाबलं तरी ताकद यायची नाही आणि शेवटी सगळं शांत. मागे सहा मुली दप्तरं मांडीवर घेऊन बसलेल्या असत. पहिल्यांदा बंद पडली तेव्हा त्या हसल्या होत्या. नंतर हसेनाशा झाल्या, कारण पुलाच्या कठड्यावर बसणारी पोरं आता आमची वाट बघायला लागली होती.

जीप आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. टपावर भोंगा लावून शेतमजुरांच्या सभांसाठी ते हिच्यातून गावोगाव फिरले. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांच्यावरच. माझं बोलणंही तसंच झालं. आई म्हणते, ही भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा जाहीर करते. पुढे संघटना विरली, भोंगा उतरला, जीप अंगणात उभी राहिली. आमच्या भागातल्या वस्त्यांवरून शाळेच्या वेळेला वाहन नव्हतं, म्हणून मुली सातवी-आठवीनंतर घरी बसत. त्यावर मी आणखी एक पत्रक लिहिणार होते. आप्पा म्हणाले, "लिहू नको. चालवायला शीक."

शिकले. घरोघरी जाऊन शाळेत न्यायला मुली मागितल्या. सगळ्यांत आधी ज्यांनी लेक पाठवली ते कापूस पिकवणारे एक काका, शेवटच्या वस्तीवरचे. मुलगी दहावीत. त्यांनी पाठवली म्हणून बाकीच्यांनी पाठवल्या. तिसऱ्यांदा जीप बंद पडली तेव्हा नेमके तेच मोटारसायकलवरून आले. कठड्यावरच्या एकाने मोबाईल वर धरला होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पोरी, लेक शाळेत धाडली म्या, रस्त्यावर मांडायला न्हाई. आनखी एकदा बंद पडू दे. माझी घरी बसली की बाकीच्या बी बसत्यात, ध्यानात ठिव."

म्हणजे प्रश्न आता इंजिनाचा राहिला नव्हता.

केजच्या मिस्त्रींना सगळे मामू म्हणतात. मामूंनी बोनेट उघडायच्या आधीच रोग सांगितला. "एअर घेतीय बेटा. डिझेलच्या लाईनीत हवा शिरली की असंच होतं." त्यांनी फिल्टर बदलला, जोडांवरचे तांब्याचे वॉशर नवे टाकले, हाताने दाबायचा छोटा पंप दाबत राहिले, फेस संपून स्वच्छ डिझेल येईपर्यंत. "आता पळव मुंबईपस्तोर."

मुंबईला जायचं नव्हतं, चढ चढायचा होता. एक दिवस चढली, दुसऱ्या दिवशीही चढली. पुढच्या दिवशी आवाज पातळ झाला तशी मी गाडी पूर्ण बंद पडायच्या आत बाजूला घेतली आणि उतरून म्हणाले, "टायर बघते गं जरा."

"ताई, टायर खाली असतंय," मागून एक म्हणाली. "तुमी बोनेट उघडलंय."

दहावीतली तेवढी हसली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "मी घरी न्हाई सांगनार. पर ह्या भवान्या सांगत्याल."

सांगितलं. शनिवारी ती आली नाही. तिच्या शेजारच्या वस्तीवरच्या दोघीही आल्या नाहीत. उरलेल्या तिघींना घेऊन गाडी रिकामी वाटत होती, आणि त्या दिवशी ती चढावर एकदाही अडखळली नाही, ह्याचा मला फार राग आला.

मामू आता म्हणत होते, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप बदलू.

"मामू, हवा असती तर ती आपोआप बाहेर कशी निघते? आपण काहीच करत नाही, थोडा वेळ थांबतो आणि गाडी पुन्हा सुरू होते."

"इंजिन मी खोलतो का तू? तू ते भाषण दे, जा."

"भाषणच देतेय. हवा थांबून निघत नाही. भरलेल्या गाडीलाच त्रास होतो, रिकाम्या गाडीला नाही. चढावरच होतो, सपाटीवर नाही. जास्त डिझेल लागतं तेव्हाच कुणीतरी त्याचा गळा धरतंय."

मामूंनी पाना पुसून ठेवला. मग म्हणाले, "चल, दाखव."

रविवारी आम्ही मागे मुरमाची पोती टाकली, मुलींच्या वजनाएवढी अंदाजाने, आणि चढावर गेलो. पहिल्या खेपेला काहीच झालं नाही. मामू खिडकीबाहेर बघत शीळ वाजवायला लागले. दुसऱ्या खेपेला गचका बसला, तिथेच इंजिन मेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला गाडी बंद पडल्याचा आनंद झाला. "आता लवकर," मी म्हणाले. मामूंनी पंपाकडे येणारा टाकीचा पाईप सोडवला. एक थेंब नाही. ते पाईप तोंडात धरून फुंकायला लागले. गाल फुगले, डोळे बाहेर आले, हवा पुढे सरकेना. मग एकदम टाकीत बुडबुड झालं आणि पाईप खाली करताच डिझेलची धार त्यांच्या चपलेवर पडली.

"आयला," मामू थुंकत म्हणाले, "टाकीत कोन बसलंय बे?"

अंगणात टाकी उतरवली. डिझेल फडक्यातून गाळून डब्यात घेतलं. मामूंनी तारेचा आकडा करून टाकीच्या तोंडातून आत घातला, बराच वेळ ढवळला, आणि फिकट गुलाबी, लगदा व्हायला आलेला एक कागद ओढून काढला. मागोमाग त्याचाच फाटलेला तुकडा. इंजिन जोराने डिझेल ओढू लागलं की हा कागद आतल्या पाईपच्या तोंडाला जाऊन चिकटायचा. इंजिन बंद पडलं की ओढ सुटायची, कागद गळून पडायचा, आणि जीप काही घडलंच नाही अशी सुरू व्हायची.

तो कागद कुठून आला हे कुणी विचारलं नाही. आम्ही डिझेल कॅनमध्ये आणून ठेवतो आणि टाकीत ओततो. नरसाळं कधी सापडत नाही. मग हाताशी असलेलं पत्रक गुंडाळायचं, टाकीच्या तोंडात खुपसायचं आणि कॅन वाकडा करायचा. आप्पा तसंच करत आले, मीही तसंच करते. गठ्ठा संपतच नाही.

आई दारातून म्हणाली, "जीपला बी वाचायला शिकवलंत का काय?"

मामू खदखदून हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी तो कागद धुण्याच्या दगडावर पसरला, कडा सरळ केल्या. डिझेलने शाई पार खाल्ली होती, काय लिहिलं होतं ते समजत नव्हतं. "वाटायचंच राहिलेलं हाय हे," ते म्हणाले. कुठल्या सभेचं, ते त्यांनाही आठवेना.

टाकी धुऊन बसवली. पोत्यांसकट चार वेळा चढ चढून आले आणि तशीच काकांच्या वस्तीवर गेले. ते ओट्यावर बसले होते. मी खरं ते सांगितलं.

"म्हंजी तुमच्याच कागदानं तुमचीच गाडी अडीवली," ते म्हणाले. "बरं. निघाला म्हंतीस तर निघाला असंल. पर जीपला कोन भितंय? जीप थांबल्यावर ती टवाळ कार्टी गोळा होत्यात. फोटू काढत्यात. त्यांला कोन मिस्त्री हाय?"

"मग त्यांना घरी बसवा ना, काका. तुमच्या लेकीला का?"

"ती माझी न्हाईत," काका म्हणाले. "माझं कुनावर चालतंय? हिच्यावर चालतंय."

ह्यावर माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं लांब. ते सुरू करणार तेवढ्यात आतून मुलगी बाहेर आली. तिच्या बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते. ती बापाला म्हणाली, "आबा, मी उद्या जानार हाय. तुमाला भ्याव वाटत असंल तर गाडीमागं या."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या मोटारसायकलकडे.

सोमवारी ती जीपमध्ये बसली आणि मोटारसायकल मागे लागली. शेजारच्या वस्तीवरच्या दोघी ते बघून धावत आल्या. पुलावर पोरं होती. मोटारसायकल बघून त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मी गिअर खाली टाकला. मागे सगळ्या इंजिनाचा आवाजच ऐकत होत्या. आवाज भरीव राहिला. चढ संपला.

माथ्यावरून काका माघारी वळतील असं मला वाटलं होतं. ते शाळेच्या फाटकापर्यंत आले. मुलगी उतरली. तिने बापाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही, आणि आत गेली.

"सांजच्याला बी येतो," काका म्हणाले.

"किती दिवस येणार?"

"तिची धाव्वी होईस्तोर."

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळ-संध्याकाळ रान सोडून यायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं. मुलीच्या पाठीवर असा पहारा बसवायचा म्हणजे काय, तेही कळत होतं. ओठांवर आलेलं मी गिळलं, कारण बोलले असते तर संध्याकाळी कदाचित बाप तिला न्यायला आला असता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आली नसती.

"साडेपाचला निघते," मी म्हणाले.

काकांनी मान हलवली, मोटारसायकल स्टँडला लावली आणि वाकून जीपखाली पाहिलं, कुठे डिझेल गळतंय का. मीही वाकले. खाली कोरडं होतं. तरी आम्ही दोघंही थोडा वेळ तसंच बघत राहिलो.